धाबळीचा कोट

धाबळी म्हणजे काय हे आता आमच्या घरातल्या मुलींनाही सांगावं लागतं, म्हणून आधी तेच सांगते. धाबळी म्हणजे जाड पांढऱ्या लोकरीचं वस्त्र. सोवळ्याचा स्वयंपाक करताना बायका ती नेसत. सुती सोवळं रोज धुवावं लागतं, कोणी शिवणार नाही अशा जागी उंच वाळवावं लागतं. लोकरीला तो जाच नाही, लोकर ओवळी होतच नाही, असं शास्त्र आमचे मामंजी सांगत. मामंजी म्हणजे माझे सासरे. उत्तरेतल्या तीर्थाच्या गावी, दुर्गाघाटावरच्या आमच्या घरी महाराष्ट्रातून यात्रेकरू उतरायचे. त्यांचं श्राद्ध, पिंडदान मामंजी आणि माझा नवरा करवीत, आणि त्यामागच्या ब्राह्मणभोजनाचा स्वयंपाक माझ्याकडे असे. सासूबाईंनी जाण्याआधी त्यांची धाबळी माझ्या हातात दिली होती. कपाटाच्या किल्ल्या त्यांनी कोणाला दिल्या ते आठवत नाही, पण धाबळी मला दिली हे पक्कं आठवतं.

जेठ महिन्यात बाहेर लूच्या गरम झळा वाहत असताना चुलीपुढे लोकर नेसून बसायचं, हे सुख ज्याचं त्यालाच माहीत. पाठभर घामोळं उठायचं. पण मी कधी हूं की चूं केलं नाही, कारण धाबळी अंगावर आली की घर मला वाट सोडायचं. आमचं घर बाहेरच्या गल्लीइतकंच अरुंद. मी नळावर निघाले की नवरा भिंतीला चिकटून उभा राहायचा, धाकटे दीर उंबऱ्याबाहेर थांबायचे, ओटीवर बसलेले मामंजीसुद्धा पसरलेले पाय जवळ घ्यायचे. मला कोणी शिवायचं नाही. एरवी त्या घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा मला कोणी विचारत नसे, पण तेवढा वेळ सगळ्यांना माझ्यासाठी थांबावं लागे. मला दुसरा कसलाच मान नको होता. एवढा मात्र हवा होता, आणि तो फक्त माझा असायला हवा होता.

मग धाकटी जाऊ आली.

ती नागपूरची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. दीर बँकेत होते. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं, तोच तिला शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिथे लोखंडाच्या भागांवर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवत, आणि त्याआधी ते भाग तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, हौदात बुडवून स्वच्छ करत. हौदातलं तेजाब किती कडक उरलं आहे हे तपासायचं काम तिचं. हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच दिसायचं की सकाळी ही बाई घट्ट अंबाडा बांधते, पिशवीत पांढरा डगला, रबरी हातमोजे आणि कानापर्यंत येणारा मोठा चष्मा भरते आणि रिक्षा धरायला मैदागिनच्या चौकापर्यंत चालत जाते. सगळी गल्ली तिच्याकडे बघत राहायची.

पहिल्याच संध्याकाळी ती दारातच थांबली. "माझ्या पिशवीला कोणी शिवू नका हं," ती म्हणाली. "मोज्यांना तेजाब लागलंय."

मामंजी ओटीवर पोथी वाचत होते. त्यांनी पाय जवळ घेतले.

स्वयंपाकघराच्या दारातून मी ते बघितलं. मामंजी पाय जवळ घेत ते माझ्यासाठी, आणि इथे हातात पिशवी घेतलेली एक पोर आली तर त्यांनी ते आपणहून घेतले. वर दिरांना सांगितलं, "हिच्या सामानाला अलग खुंटी ठोक. आणि पोरांना सांगून ठेव, बिलकुल हात लावायचा नाही." त्याच घरात मी कंगवा ठेवायला एक कोनाडा मागितला होता, तेव्हा "बघू" असं उत्तर मिळालं होतं. कोनाड्याचं अजून बघणंच चालू होतं आणि हिची खुंटी त्याच संध्याकाळी ठोकली गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हिला सरकारनं पगार देऊन सोवळं दिलंय," मी रात्री नवऱ्याला म्हणाले.

"अगं, ते सोवळं नाही, तेजाब आहे."

"लोक लांब राहतात ना? मग झालं तर."

तो कूस बदलून झोपला. पुरुषांना हेवा कळत नाही असं नाही, पण तो भाऊबंदांच्या वाटणीतला असला तरच कळतो.

ती आली की आधी तिला हात धुवायला पाणी. बाकीच्यांनी नळ सोडायचा. तिच्या हाताला लाल चट्टा दिसला की मामंजी खोबरेल तेलाची वाटी पुढे सरकवणार. माझ्या हातावर तव्याचे डाग होते, मनगटापासून कोपरापर्यंत, पण ते कोणाला दिसायचे नाहीत, कारण स्वयंपाकात भाजतंच. एका रविवारी तर माझ्या मुलीनं तिचा धुतलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि "मी काकू, मला शिवू नका" म्हणत घरभर फिरली. माझी धाबळी गुंडाळून "मी आई" म्हणत ती कधी फिरली नव्हती. त्या दिवशी मी भात करपवला आणि तांदळाला दोष दिला.

मध्यंतरी काही दिवस मात्र देव माझ्या बाजूचा आहे असं वाटलं. धाकटीचा सुती डगला तेजाबापुढे टिकेना. थेंब उडतो तेव्हा काही दिसत नाही, पण कापड वाळलं की तिथे भोक पडतं. बघता बघता डगल्याची चाळण झाली. हौदावरच्या माणसांना कारखान्यातून जाड लोकरीचे कोट मिळत, पण ते सगळे पुरुषी मापाचे, आणि त्या खोलीत जाणारी ही पहिलीच बाई. त्यांच्यातला एक हिनं घालून पाहिला. बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या आणि घेर पायात येत होता. हौदाच्या कडेलाच अडखळली, कोणीतरी सावरली म्हणून बरं. साहेबांनी सांगितलं, अंगाला नीट बसेल असा लोकरी कोट असल्याशिवाय तेजाबाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, तोवर टेबलावर बसून नोंदी उतरवा. कोट कधी मिळेल म्हणाल तर वरून मंजुरी आली की. तिच्या जागी दुसरा माणूस आत जायला लागलासुद्धा.

त्या संध्याकाळी ती न जेवता गच्चीवर जाऊन बसली. मी खाली गुणगुणत पोळ्या लाटत होते. नवऱ्यानं विचारलं, "आज स्वारी खुशीत?" मी म्हटलं, "उकाडा कमी झालाय."

पण धाकटी स्वस्थ बसणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या सकाळी मी धाबळीत असताना ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली आणि एकटक माझ्याकडे बघायला लागली. शिवली नाही, तेवढं भान तिला होतं.

"वहिनी, ही शुद्ध लोकर ना? हिच्या काठाचे थोडे धागे द्याल मला?"

मला वाटलं, हिला कोणाची तरी दृष्ट काढायची असेल. दिले काढून.

रविवारी तिनं अंगणात एक कौल मांडलं. त्यावर एका बाजूला माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी, दुसऱ्या बाजूला धाबळीचे धागे. छोट्या बाटलीतून दोन्हींवर थेंब सोडले आणि कौल उन्हात ठेवून दिलं. जेवणं झाल्यावर तिनं काडीनं चिंधी उचलायला घेतली तर तिचा भुगा झाला. धागे थोडे पिवळे पडले होते, पण ओढून पाहिले तरी तुटले नाहीत.

मामंजी खांबाला धरून वाकले आणि पुष्कळ वेळ बघत राहिले. "वा," ते म्हणाले. "म्हणून लोकर ओवळी होत नाही." त्यांना जन्मभर सांगितलेल्या शास्त्राची साक्ष अंगणात मिळाली होती. त्याच आनंदात, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "सूनबाई, ती धाबळी हिला दे. तुला सुती आहे की."

तुला सुती आहे की. सासूबाईंनी दिलेली वस्तू, जिच्यासाठी मी घामोळं सोसलं, ती त्यांनी माझ्या अंगावरून काढून दिली, आणि तीसुद्धा नेमकी हिला. विचारण्याची रीतसुद्धा पाळली नाही. मामंजींना नाही म्हणायची टाप त्या घरात कोणाची नव्हती.

"वहिनी, तुमच्या मनात नसेल तर..." धाकटी म्हणाली.

माझ्या मनात नव्हतंच. पण तिची दया घ्यायचंही मनात नव्हतं. "कात्री आण," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणी कापलेली मला चालायची नाही."

शिवण माझ्या हातात होती. ती सांगत गेली तसा मी बेतत गेले. पुढून उघडा नको आणि बटणंही नकोत, फटीतून तेजाब आत जातं. खिसा नको, त्यात थेंब साचतो. गळा बंद हवा, बाह्या मनगटाला घट्ट हव्यात, आणि उघडायची बाजू सगळी पाठीला. तिथे मी लोकरीचेच बंद लावले, मानेशी, पाठीवर आणि कमरेशी.

"मागचे बंद तुला एकटीला बांधता यायचे नाहीत," मी म्हटलं. "कोण बांधणार?"

"असेल कोणीतरी जवळ."

माप बघायला मीच ते बांधून पाहिले. कोट तिला असा बेताचा बसला की मला रागच आला. माझ्या अंगावर ती धाबळी कधी अशी शोभली नव्हती. धाकटी आरशापुढे उभी राहून हात वर-खाली करून बघत होती, आणि मी कात्रीनं उरलेल्या तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे करत बसले होते. दुसऱ्या दिवशी तिला तेजाबाच्या खोलीत सोडलं. संध्याकाळी तिनं पेढे आणले. मी एकच घेतला आणि फार गोड आहे म्हणाले.

कोट रोज संध्याकाळी घरी यायचा. तो कुठे टाकायचा याचा निकाल अर्थात मामंजींनीच दिला. लोकर ओवळी होत नाही, धाबळी तर जन्माची सोवळी, तेव्हा कोट सोवळ्याच्या वळणीवरच टाकायचा. ही वळणी म्हणजे छताजवळ टांगलेला बांबू. कपडे त्यावर काठीनं चढवायचे आणि काठीनंच उतरवायचे. "मामंजी, तिथे नको, बाहेर अंगणातच बरा," धाकटी म्हणाली होती. "शास्त्र तू मला शिकवू नकोस," मामंजी म्हणाले. मग माझ्या ओल्या सुती सोवळ्याशेजारी तो कोट रात्रभर लटकायला लागला. लोकर शांत असायची. तिच्यात जिरलेलं तेजाब मात्र शेजारच्या सुताला लागत होतं, आणि ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

पितृपक्ष होता. साताऱ्याकडचं मोठं कुटुंब उतरलं होतं. पानं मांडली होती, मी सुती सोवळ्यात खीर वाढत होते. एका म्हाताऱ्या गुरुजींच्या द्रोणाकडे वाकले आणि मागून फर्रर असा आवाज आला. कमरेपासून पोटरीपर्यंत वस्त्र उसवल्यासारखं फाटलं. बारीक बारीक भोकं होती, ती एकमेकांना जाऊन मिळाली. साताऱ्याच्या मंडळींनी माना खाली घातल्या. ब्राह्मण आमसुलाच्या चटणीकडे फार लक्ष देऊन बघायला लागले. माझ्या हातात खिरीचं भांडं, ते खाली ठेवता येईना, मागे वळता येईना.

धाकटीला त्या दिवशी सुटी होती. ती कुठूनशी चादर घेऊन धावत आली आणि माझ्या पाठीमागे दोन्ही हातांनी पसरून धरली. मी पाऊल टाकलं की ती टाकायची. चादर माझ्यापासून वीतभर लांब. पंगत अजून बसलेली होती, तिचा हात मला लागला असता तर सगळा स्वयंपाक ओवळा झाला असता. आम्ही दोघी तशाच स्वयंपाकघरापर्यंत चालत गेलो. तिनं एकदाही मला हात लागू दिला नाही. तिचे आभार मानायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण चादर धरणारी तीच आणि भोकं पाडणारा कोटही तिचाच.

संध्याकाळी मी मामंजींसमोर उभी राहिले. "लोकर ओवळी होत नसेल," मी म्हटलं, "पण सुताचं काय होतं ते आज सगळ्या पंगतीनं पाहिलं." लग्न होऊन आल्यापासून त्यांना मी पहिल्यांदाच उलट बोलले. त्यांनी पोथीचं पान उलटलं. दुसऱ्या दिवसापासून कोट कारखान्यातच राहायला लागला, आणि माझी धाबळी माझ्या डोळ्यांआड झाली.

पुढे मामंजी गेले. यात्रेकरू हॉटेलांत उतरायला लागले, जेवणाची पाकिटं मागवायला लागले. सोवळं कोणी बंद केलं नाही, ते आपोआप सुटलं. आता मला कोणीही शिवावं, पण वाटही कोणी सोडेना. नातवंडं मला ढकलून पुढे जायची. धाकटी मात्र वर चढत गेली. कारखान्यात नव्या तऱ्हेचे, पाण्यासारखं तेजाब ओघळून जाईल असे कोट आले, बायकांच्या मापाचेसुद्धा आले, असं ती सांगायची. गल्लीतल्या बायका मला थांबवून "आपकी देवरानी तो अफसर हो गईं" असं सांगायच्या. जसं काही ते मला घरात कळतच नव्हतं. वयानं हेवा कमी होतो असं म्हणतात. माझा लोणच्यासारखा मुरत गेला.

ती निवृत्त झाली त्या दिवशी घरच्यांना बोलावणं होतं. तिच्या कारखान्यात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. झेंडूचे हार झाले, समोसे झाले, भाषणं झाली. मग ती म्हणाली, "वहिनी, चला, माझी खोली दाखवते."

तेजाबाच्या खोलीच्या दाराबाहेर खुंट्यांची ओळ होती. त्यांवर नवे, निळे, गुळगुळीत कोट. आणि अगदी शेवटच्या खुंटीवर माझी धाबळी. पिवळट झालेली, खालचा काठ तपकिरी पडलेला, बाह्या कधीतरी दुसऱ्या कांबळ्याच्या लावलेल्या. पण पाठपोट माझंच होतं. टाके मी लगेच ओळखले.

पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ, इतकी वर्षं तिच्याबरोबर काम केलेले, हसत म्हणाले, "मैडम, अब तो जेठानी को भी रिटायर कर दीजिए।"

मी चमकले. धाकटीची जेठानी म्हणजे मोठी जाऊ म्हणजे मी. माझं तोंड बघून सगळे हसायला लागले. मग त्यांनीच सांगितलं. पहिल्या दिवशी कोट कोणाचा म्हणून विचारलं तेव्हा धाकटीनं "मेरी जेठानी का है" असं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून कोटाचं नावच जेठानी पडलं. जेठानी सूख गईं? जेठानी को मत भूलना। नवे कोट आल्यावरही कडक तेजाबाचं काम असलं की मॅडम म्हणायच्या, मला जेठानीच द्या. रागवावं की काय करावं मला समजेना. मी इतकी वर्षं इथे खुंटीवर होते आणि मलाच त्याची खबर नव्हती.

"अंदर चलेंगी?" त्यांनी विचारलं. "बिना पहने तो कोई नहीं जाता।" आणि त्यांनी खुंटीवरून धाबळी काढून माझ्यापुढे धरली.

मी हात घातले. गळ्याशी तीच खरखर, तोच उबट वास, त्यात आता काहीतरी आंबट मिसळलेलं. बंद पाठीला होते. मी हात मागे नेऊन पाहिले, पोचेनात. तेवढ्यात धाकटी माझ्या पाठीमागे आली. मानेवरचे केस तिनं बाजूला केले आणि गाठ मारली. मग पाठीवर. तिची बोटं लोकरीतून मला लागत होती. धाबळी अंगावर असताना मला कोणी हात लावला तो हा पहिलाच.

"रोज कोण बांधायचं गं?" मी विचारलं.

"जो जवळ असेल तो. कधी हे आमचे सोबती, कधी दुसरं कोणी. बांधल्याशिवाय कोणाला आत सोडतच नाहीत ना."

दाराबाहेरच्या बोळातली माणसं वाट देत भिंतीला लागून उभी राहिली. मामंजींच्या घरात जो मान माझ्या हातून गेला होता, तो समोर उभा होता. पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. धाबळीत मी उमेदीची सगळी वर्षं काढली आणि मला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. तीच धाबळी इथे आली, आणि रोज सकाळी कोणीतरी तिच्या पाठीशी उभं राहून गाठी मारत होतं. धाकटीचा हेवा वाटायची मला सवय होती. त्या दिवशी मला धाबळीचा हेवा वाटला.

कमरेची गाठ मारून धाकटी थांबली. "फार घट्ट झालं का, वहिनी?"

"नाही," मी म्हटलं. "अजून एक गाठ मार."